गावातलं आधुनिक भित्तिशिल्प वाचवायचं तर आधी रंगाचा डबा थांबवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. गावातल्या सार्वजनिक वाचनालयाच्या दर्शनी भिंतीवर १९६० च्या दशकातलं एक मोठं अमूर्त भित्तिशिल्प आहे, अर्धं काँक्रीटच्या उठावातलं, अर्धं काचेच्या मोझेकचं. समोरच्या चौकात त्याच कलाकाराचं रंगवलेल्या लोखंडी पत्र्याचं शिल्प आहे. मोझेकचे तुकडे निखळतायत, काँक्रीटमधून दोन-तीन ठिकाणी सळया डोकावतायत, आणि नगरपालिकेने इमारतीच्या सुशोभीकरणात ‘भिंत घासून, भेगा बुजवून, रंगवून’ घ्यायचं ठरवलंय. तुम्ही पाच-सहा जण आहात, हाताशी पैसे नाहीत, आणि निम्म्या गावाला ते शिल्प मुळातच विद्रूप वाटतं. सुरुवात कुठून करायची?

आधी रंगकाम थांबवा. बाकी सगळं त्यानंतर.

विसाव्या शतकातली सार्वजनिक कामं मी बरीच वर्षं हाताळतोय. लहान गावांत ती हातची जातात ती बहुतेक वेळा कुणीतरी चांगल्या हेतूने केलेल्या डागडुजीपायी. दगड मारणारी पोरं दहा-वीस तुकडे पाडतात. ऊन-पाऊस साठ वर्षांत पृष्ठभाग थोडा झिजवतो. पण सुशोभीकरणाचा ठेका सुटला की चार दिवसांत सगळं आटोपतं. आधी जोरदार दाबाच्या पाण्याने धुलाई, काळे डाग गेले नाहीत तर ॲसिड, मग भेगांमध्ये सिमेंट, आणि शेवटी दोन हात प्लास्टिक पेंट.

यातली प्रत्येक पायरी वेगळं नुकसान करते. दाबाचं पाणी मोझेकच्या सांध्यांतून मागे शिरतं आणि जे तुकडे अजून दहा वर्षं टिकले असते ते सैल करतं. हायड्रोक्लोरिक ॲसिड काँक्रीटचा वरचा बारीक थर खातं, आणि त्यातला क्लोराइड आत उतरून सळईचा गंज वाढवतो. भेगेत वरून भरलेलं सिमेंट आजूबाजूच्या जुन्या मालापेक्षा कडक आणि वेगळ्या रंगाचं असतं, त्यामुळे पुढची भेग त्याच्या अगदी शेजारून जाते. रंगाचा थर आतली ओल बाहेर पडू देत नाही, पोपडे धरतात, आणि दर तीन-चार वर्षांनी पुन्हा रंग द्यावा लागतो. शिवाय साच्याच्या फळ्यांच्या रेषा, खडीचा खरखरीतपणा, उठावाच्या कडेवर पडणारी बारीक सावली हे सगळं त्या रंगाखाली जातं. आणि त्या काळच्या काँक्रीटच्या कामात तेच तर शिल्प असतं. शिल्पकार रामकिंकर बैज यांनी १९३८ मध्ये शांतिनिकेतनात सिमेंट आणि लॅटराइटच्या (जांभ्या दगडाच्या) खडीतून ‘संथाळ कुटुंब’ उभं केलं. त्याचा खडबडीत पृष्ठभाग उद्या कुणी ‘फिनिशिंग राहिलंय’ असं समजून गिलावा करून गुळगुळीत केला, तर आकार तोच राहील, शिल्प मात्र गेलेलं असेल. तुमच्या भिंतीवरही हाच धोका आहे.

तेव्हा एक पानाचं पत्र लिहा. त्यात कलेचं महत्त्व वगैरे दोन ओळींत संपवा. मागणी नेमकी ठेवा: इमारतीच्या कामातून ही भिंत आणि समोरचं शिल्प वगळावं, पाहणी होईपर्यंत त्यावर पाणी, ॲसिड, सिमेंट, रंग यांपैकी काहीही लावू नये, आणि इमारतीची परांची बांधताना भित्तिशिल्पात एकही खिळा किंवा अँकर ठोकू नये. ही तिसरी गोष्ट सगळे विसरतात. बाजूच्या भिंतीचं काम करायला परांची बांधतात आणि तिचे टेके थेट उठावाच्या काँक्रीटमध्ये ड्रिल करून बसवतात. पत्राची पोच घ्या. ठेकेदाराच्या कामाच्या यादीत हे वाक्य गेल्याशिवाय तुमचं पत्र फायलीत पडून राहील, म्हणून सुधारित यादीची प्रत मागा.

नगरपालिकेला नाही म्हणणं अवघड जाईल असा एक मुद्दा सोबत जोडा, तो म्हणजे कलाकाराचा नैतिक हक्क. लेखक-कलाकारांच्या हक्कांच्या आंतरराष्ट्रीय बर्न कराराच्या कलम ६-बिसनुसार, कलाकृती विकल्यावरही तिचं विद्रूपीकरण झाल्यास आक्षेप घेण्याचा हक्क कलाकाराकडे राहतो. तो किती वर्षं टिकतो, वारसांना मिळतो का, संपूर्ण पाडकामालाही लागू होतो का, हे देशागणिक बदलतं. भारतात तो कॉपीराइट कायद्याच्या कलम ५७ मध्ये आहे. दिल्लीच्या विज्ञान भवनातलं अमरनाथ सहगल यांचं ब्राँझचं भित्तिशिल्प १९७९ मध्ये उतरवून गोदामात टाकलं गेलं होतं. त्यावर २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने कलाकाराच्या बाजूने निकाल दिला आणि उरलेले भाग त्यांना परत करायला सांगितले. अमेरिकेतला याच हक्काचा १९९० चा कायदा मात्र १ जून १९९१ च्या आधी पूर्ण होऊन विकल्या गेलेल्या कामांना लागू होत नाही, म्हणजे त्या काळातली बहुतेक सार्वजनिक शिल्पं त्याच्या बाहेरच राहतात. तुमच्याकडचा नियम एखाद्या वकिलाकडून समजून घ्या, पण खटल्याची भाषा पत्रात आणू नका. कलाकार हयात आहे का, नसल्यास वारस कोण, त्यांना कळवलं आहे का, एवढं विचारलं तरी अधिकारी सही करण्याआधी थांबतो.

थांबवलंत की लगेच दुसरा प्रश्न उभा राहतो: हे नेमकं कुणाचं? तुम्हाला वाटेल, नगरपालिकेचं, आणखी कुणाचं. पण भिंत एका खात्याची, वाचनालय दुसऱ्याचं, चौक तिसऱ्याचा, आणि शिल्प मालमत्तेच्या नोंदवहीत कुठेच नाही, असंच बहुतेक ठिकाणी निघतं. ज्याची नोंद नाही त्याला निधी नाही, विमा नाही, देखभालीचा माणूस नाही. इंग्लंडमधल्या हार्लो या नव्याने वसवलेल्या शहरात १९५३ मध्येच एक कला-न्यास काढला गेला. सार्वजनिक शिल्पं घ्यायची आणि सांभाळायची हे त्याचं काम. ब्रिटिश शिल्पकार हेन्री मूर यांचं दगडातलं ‘कुटुंब’ त्याच न्यासाने करवून घेतलं. उघड्यावर त्याची मोडतोड झाल्यावर ते पुढे आत हलवण्यात आलं, तेही संग्रह कुणाच्या तरी जबाबदारीचा होता म्हणून. तुमच्या गावाला न्यास लगेच जमणार नाही. पण सभेत एक ठराव करून घेता येतो: ही दोन्ही कामं अमुक खात्याच्या मालमत्तेत नोंदवावीत आणि त्यांची जबाबदारी अमुक पदावर राहील. पद लिहा, माणसाचं नाव नको. माणूस बदलून जातो.

वारसा यादीत नाव लावण्याचं त्यानंतर बघा. अनेक देशांत वयाची अट असते. अमेरिकेच्या राष्ट्रीय नोंदवहीसाठी साधारण ५० वर्षं, इंग्लंडमध्ये साधारण ३०. साठीच्या दशकातलं काम दोन्हींत बसतं. यादीतल्या नावाने पैसे आपोआप येत नाहीत, मात्र उद्या वाचनालयाची इमारत पाडायची ठरली तर तो कागद उपयोगी पडतो.

आता पाहणी. हे काम तुम्ही स्वतः करू शकता आणि करावंच, कारण बाहेरून तज्ज्ञ आला तरी त्याला तुमच्या भिंतीचा इतिहास माहीत नसतो.

सगळ्यात आधी जुने फोटो शोधा. वाचनालयाच्या उद्घाटनाचा एखादा फोटो असतोच. लग्नाच्या वरातीच्या, शाळेच्या सहलीच्या फोटोंतही मागे ही भिंत सापडते. नगरपालिकेच्या जुन्या दप्तरात कलाकाराशी झालेला पत्रव्यवहार, बिलं, मालाची यादी असू शकते. त्यातली वाळू कुठून आणली, सिमेंट पांढरं होतं का राखाडी, ही एक ओळ प्रयोगशाळेच्या अहवालाइतकी मोलाची असते. ज्या गवंड्याने साचे बांधले तो किंवा त्याचा मुलगा गावात असेल तर त्याला भिंतीसमोर उभं करून बोलतं करा आणि रेकॉर्ड करा. साच्यात काय घातलं होतं, वाळू, फळी, थर्मोकोल की प्लास्टर, हे पृष्ठभाग बघून ओळखायला आम्हाला दिवस लागतात. तो एका वाक्यात सांगतो.

मग भिंतीचे फोटो. सरळ समोरून एक संच, आणि एक संच संध्याकाळी किंवा सकाळी, ऊन भिंतीवरून तिरपं घसरत असताना. तिरप्या उजेडात फुगवटे लगेच दिसतात. समोरचा मोठा फोटो छापून घ्या, त्यावर पारदर्शक प्लास्टिकचा कागद लावा, आणि मग मोझेक वाजवायला घ्या. हातात लाकडी मुठीचा छोटा दांडा किंवा नायलॉनची छोटी हातोडी हवी, लोखंडी नको. हलक्या टिचक्या देत एका कोपऱ्यातून ओळीने जायचं. घट्ट बसलेला भाग टणटणीत, छोटा आवाज देतो. मागचा गिलावा सुटला असेल तिथे तो बोदा वाजतो, आणि बोटांना किंचित थरथर लागते. बोद्या भागाची हद्द सापडेपर्यंत वाजवत जा आणि ती हद्द कागदावर रेषेने काढा. दुसऱ्या रंगाने भेगा काढा, तिसऱ्याने ओलीचे आणि पांढऱ्या क्षारांचे डाग. हे तीन रंग एकावर एक पडले की भिंत काय म्हणतेय ते वाचता येतं. बोदे भाग जवळपास नेहमी क्षारांच्या डागांच्या खाली किंवा शेजारी निघतात, आणि क्षारांच्या वर कुठेतरी पाणी आत येण्याची जागा असते.

म्हणून छतावर चढा. फुटलेली पन्हळ, तुंबलेली जाळी, कठड्यावरचा उखडलेला गिलावा, भिंतीत मागून गेलेली गळकी पाण्याची नळी. मी पाहिलेल्या निम्म्याहून जास्त मोझेकचा आजार मोझेकमध्ये नव्हताच, तो छतावर होता. हे काम स्वस्त आहे, त्याला कलेची परवानगी लागत नाही, आणि नगरपालिका ते आनंदाने करते. पाणी थांबवून भिंतीला किमान एक पूर्ण वर्षभर सुकू द्या. त्याआधी सुटलेला भाग चिकटवला तर मागच्या ओलीने तो पुन्हा सुटणार.

खाली पडलेले तुकडे मात्र आजपासूनच गोळा करा. कुठून पडले ते लिहून वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवा. वाचनालयाच्या शिपायाला सांगून ठेवा, कारण झाडताना ते रोज त्याच्याच केरात जातात. त्या काळातले काचेचे तुकडे साधारण २ सेंटीमीटर चौकोनी आणि कागदावर चिकटवलेल्या पट्ट्यांत यायचे. आज माप तेच मिळतं, पण काचेतला रंग आणि आतली बारीक दाणेदार छटा जुळेलच असं नाही. मूळ तुकडा हाताशी असेल तर तो प्रश्नच उरत नाही.

काँक्रीटकडे वळतो. इथे थोडं सविस्तर सांगतो, कारण ठेकेदार नेमकं हेच वगळतात.

ताजं काँक्रीट भलतंच अल्कधर्मी असतं, सामू (pH) साडेबाराच्या वर. त्या वातावरणात सळईवर एक अतिसूक्ष्म संरक्षक थर बसतो आणि ती गंजत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं आत शिरत राहतो, चुन्याशी संयोग पावतो आणि सामू हळूहळू ९ च्या आसपास किंवा खाली येतो. हा बदल बाहेरून आत सरकतो, आणि त्याची सीमा सळईपर्यंत पोहोचली की तो थर मोडतो, आणि ओल मिळाली की गंज सुरू होतो. गंजाचं आकारमान मूळ लोखंडाच्या २ ते ६ पट असतं, त्यामुळे वरचं काँक्रीट फुगून ढलपी उडते. शिल्पांत हे इमारतीपेक्षा लवकर होतं, कारण उठावाच्या पातळ कडांमध्ये सळईवर जेमतेम १०-१५ मिलिमीटर काँक्रीट असतं. कलाकाराला आकार हवा होता, आवरणाची जाडी कुणी मोजली नव्हती.

ही सीमा कुठवर आली हे बघायची चाचणी साधी आहे. ढलपी नुकतीच उडालीय तिथली ताजी, कोरडी कड घ्या. जुनी उघडी पडलेली कड चालत नाही, ती वरून आधीच बदललेली असते. धूळ फुंकून टाका आणि अल्कोहोलमध्ये विरघळवलेलं १ टक्का फिनॉल्फ्थॅलिन (अल्कधर्मी जागी गुलाबी होणारं रसायन) फवारा. जिथे काँक्रीट अजून अल्कधर्मी आहे तिथे झटकन गडद गुलाबी रंग चढतो. बाहेरच्या बाजूला एक पट्टा मात्र राखाडीच राहतो, आणि दोन्हींमधली रेषा कधीकधी इतकी स्वच्छ असते की पट्टी लावून मोजता येते. हे मिलिमीटर आणि सळईची खोली शेजारी शेजारी लिहा. सळईची खोली बाहेरून मोजायचं यंत्र स्थापत्य अभियंत्याकडे मिळू शकतं. ही सीमा वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात सरकते, म्हणजे दुप्पट खोलीला चौपट काळ. ६० वर्षांत ती १२ मिलिमीटर आत आली असेल आणि सळई ३० मिलिमीटर खोल असेल, तर त्या भागाला हात लावायची गरज नाही. सळई १० मिलिमीटर खोल असेल, तर तिथे आज भेग नसली तरी लक्ष ठेवायचं. भिंतीचा बराचसा भाग पहिल्या प्रकारातला निघतो, आणि मग ‘सगळं तोडून नवं करू’ म्हणणाऱ्याला द्यायला तुमच्या हातात आकडे असतात.

फक्त एक अपवाद. समुद्र जवळ असेल, रस्त्यावर बर्फासाठी मीठ टाकत असतील, किंवा त्या काळी काँक्रीट लवकर घट्ट व्हावं म्हणून कॅल्शियम क्लोराइड मिसळलं असेल, तर क्लोराइड गुलाबी भागातही गंज चढवतो. त्यासाठी भुकटीचा नमुना प्रयोगशाळेत द्यावा लागतो.

दुरुस्ती करताना इमारतीचा नियम असा असतो: गंजलेल्या सळईच्या मागेपर्यंत तोडायचं, दोनेक सेंटीमीटर जागा करायची, सळई साफ करायची, कड सरळ कापायची, नवा माल भरायचा. अभियांत्रिकीच्या नजरेतून बरोबरच आहे. शिल्पाच्या पातळ कडेवर हा नियम जसाच्या तसा लावला तर नाण्याएवढ्या जखमेसाठी पानाएवढा मूळ भाग जातो. मी अशा जागी कमी तोडतो, सळईच्या समोरची बाजू हाताने साफ करतो, आणि ही जागा अमुक वर्षांनी पुन्हा बघावी लागेल असं अहवालात स्पष्ट लिहितो. काही अभियंत्यांना हे पटत नाही. सळई इमारतीचं वजन पेलत असेल तर त्यांचं ऐकतो, नुसती सजावटीची असेल तर नाही. आणखी एक गोष्ट: एका जागी नवा, अल्कधर्मी माल भरला की त्याच्या कडेला लागून असलेली जुन्या काँक्रीटमधली सळई जास्त वेगाने गंजू शकते. दोन वर्षांनी ठिगळाभोवती कडं धरून भेगा आल्या तर कारण हेच असतं, त्यामुळे क्लोराइड असेल तिथे नुसतं ठिगळ पुरत नाही.

ठिगळाचा माल जुळवणं हा यातला खरा हातखंडा. वाळूचा रंग, खडीचं माप, सिमेंटची छटा. रंगद्रव्य घालून राखाडी जुळवायचा मोह आवरा, वाळू बदलून जुळतं तेच टिकतं. सहा-आठ नमुने टाइलएवढे ओता, त्याच दिशेच्या भिंतीशेजारी बाहेर ठेवा, काही महिने पावसात भिजू द्या, आणि ओले असताना व वाळल्यावर असे दोनदा बघा. वाळल्यावर जुळलेला नमुना ओला झाला की डागासारखा उठतो. इटालियन कलाकार अल्बेर्तो बुरी यांनी सिसिलीत भूकंपात उद्ध्वस्त झालेल्या जिबेलिना गावावर ‘ग्रांदे क्रेत्तो’ हे पांढऱ्या सिमेंटचं अवाढव्य काम १९८४ मध्ये सुरू केलं. ते १९८९ मध्ये थांबलं आणि राहिलेला भाग २०१५ मध्ये पूर्ण झाला. जुना काळवंडलेला भाग आणि नवा पांढराशुभ्र भाग शेजारी शेजारी आले, तेव्हा वयाचा फरक लपवणं किती अवघड आहे ते सगळ्यांनी पाहिलं. तुमच्या भिंतीवर तो फरक पूर्ण लपलाच पाहिजे असंही नाही. चार पावलांवरून दिसू नये आणि हाताच्या अंतरावरून ओळखू यावं, एवढं मला पुरतं.

साफसफाई शेवटी, आणि शक्य तितकी कमी. नायलॉनचा मऊ ब्रश, साधं पाणी, लागलं तर वाफ. तारेचा ब्रश कधीच नको, त्याचे लोखंडी कण अडकून नंतर गंजाचे ठिपके येतात. शेवाळ दिसलं की लोकांना आधी तेच खरवडायचं असतं. ते बहुतेकदा ओलीचं लक्षण असतं. पाणी थांबलं की स्वतःहून सुकतं.

मोझेकचा सुटलेला भाग जागेवरच वाचवता येतो. समोरून तो पातळ कापडाने आणि नंतर सहज निघणाऱ्या डिंकाने बांधून घ्यायचा, सांध्यांतून बारीक छिद्रं पाडून मागच्या पोकळीत चुन्यावर आधारलेला पातळ ग्राउट (पोकळी भरायचं ओतीव मिश्रण) सुईने भरायचा, लाकडी पाट्यांनी हलका दाब देऊन ठेवायचा. हे प्रशिक्षित हाताचं काम आहे, स्वयंसेवकांनी करू नये. बाजारातलं इपॉक्सी (रासायनिक गोंद) वापरू नका. ते तुकड्याला धरून ठेवतं, पण पुढच्या वेळी काढायचं झालं तर तुकडाच फुटतो. वारसा-जतनाच्या व्हेनिसच्या १९६४ च्या सनदेपासून विसाव्या शतकातल्या वारशासाठी २०११ मध्ये माद्रिदमध्ये तयार झालेल्या दस्तऐवजापर्यंत कमीत कमी हस्तक्षेपाचं आणि पुढच्याला वाट मोकळी ठेवण्याचं तत्त्व सतत येतं. इपॉक्सी नेमकी तीच वाट बंद करतं.

‘मग काढून संग्रहालयात नेऊ’ असं कुणीतरी म्हणेलच. सुटे पॅनेल असतील आणि इमारत खरोखर जाणार असेल तर हा मार्ग खुला आहे. कलाकार डोरोथी ॲनन यांची लंडनच्या एका टेलिफोन इमारतीवरची नऊ सिरॅमिक पॅनेल २०११ मध्ये संरक्षित यादीत गेली आणि २०१३ मध्ये लंडनच्याच बार्बिकन संकुलात बसवली गेली. तुमचं काम जागेवर ओतलेलं आहे, ते काढायचं म्हणजे करवतीने भिंत कापायची. शिवाय उतरवलेली वस्तू पुन्हा उभी राहीपर्यंत कशी रखडते याचं उदाहरण रोमानियातल्या तिर्गु जिऊ या गावात आहे. शिल्पकार ब्रांकुशी यांचा १९३८ चा सुमारे २९ मीटर उंच ‘अनंत स्तंभ’ १९९६ मध्ये सुटा केला गेला, आणि वादांतून वाट काढत तो पुन्हा उभा राहायला २००० उजाडलं. तिथे जागतिक पातळीवरच्या संस्थांचा पाठिंबा होता. तुमच्या गावात उतरवलेले तुकडे गोदामातच राहतील.

निविदेबद्दल एकच सांगतो. सर्वात कमी दराला काम देण्याची सक्ती असली तरी पात्रतेची अट घालता येते. प्रत्येकाने भिंतीच्या एका कोपऱ्यात, हातभर जागेत, ठिगळ आणि सफाईचा नमुना करून दाखवायचा, आणि पसंत पडलेला नमुना काम संपेपर्यंत तिथेच ठेवायचा. निम्मे ठेकेदार इथेच मागे हटतात. उरलेल्यांचं काम त्या नमुन्याशी ताडून बघता येतं, वाद होत नाहीत.

आता विद्रूप वाटणाऱ्या निम्म्या गावाबद्दल. त्यांना ‘तुम्हाला कळत नाही’ असं चुकूनही म्हणू नका. इंग्लंडमधल्या पीटरली या छोट्या शहरात कलाकार व्हिक्टर पासमोर यांनी १९६९ मध्ये वस्तीच्या मधोमध, पाण्यावर, काँक्रीटचा ‘अपोलो पॅव्हिलियन’ उभारला. पुढे तिथे पोरं जमू लागली, भिंती खरडल्या गेल्या, शेजारचे वैतागले, जिने काढून टाकावे लागले, आणि पाडून टाकण्याची मागणी वर्षानुवर्षं चालली. २००९ मध्ये लॉटरी निधीच्या मदतीने त्याची नीट दुरुस्ती झाली, २०११ मध्ये ते वरच्या श्रेणीच्या संरक्षित यादीत गेलं. रहिवाशांची तक्रार अमूर्त कलेबद्दल असेल, पण त्याहून जास्त ती अंधार, कचरा आणि रात्रीच्या गोंगाटाबद्दल होती, आणि ती खरी होती. तुमच्याकडेही आधी विचारा की नेमकं काय खुपतं. बऱ्याचदा उत्तर येतं, ‘तिथे मुतारी झालीय’. त्यावर उपाय दिवा आणि पाण्याचा नळ, कलारसग्रहणाचं व्याख्यान नव्हे. ज्या गवंड्याचं रेकॉर्डिंग केलंत ते वाचनालयात एका संध्याकाळी ऐकवा. आपल्याच माणसाने हे हाताने बांधलंय हे कळलं की विरोधाचा सूर बदलतो, हे मी अनेक ठिकाणी पाहिलंय.

लोखंडी शिल्पाचं थोडक्यात. तिथे रंग हीच कलाकृतीची कातडी आहे, त्यामुळे रंगवणं गुन्हा नाही, चुकीचा रंग देणं आहे. आज दिसणारा रंग मूळचा असेलच असं समजू नका. आडोशाच्या जागी नखाएवढा खळगा बारीक पॉलिश कागदाने, पाणी लावून, उतरता घासला की एकाखाली एक थर कड्यांसारखे दिसतात. सगळ्यात खालचा बहुधा गंजरोधक, बऱ्याचदा शेंदरी आणि शिसं असलेला. म्हणून कोरडं घासू नका, मास्क लावा, चुरा पुसून बंद पिशवीत टाका. त्याच्या वरचा पहिला थर तुमचा. त्याचा रंग प्रमाणित रंगपट्टीच्या क्रमांकाने नोंदवा आणि चकाकी किती होती तेही लिहा. लाल तोच पण मॅटऐवजी चकचकीत दिला तर शिल्पाच्या कडा हरवतात. कलाकाराच्या वारसांकडून त्या रंगाला लेखी संमती घ्या. आणि पायथ्याशी पाणी साचत असेल तर रंगाआधी निचरा करा, कारण पत्रा खालूनच सडतो.

कलाकाराच्या नावाची पितळी पाटी असेल तर तिचा फोटो आणि मजकूर आजच उतरवून ठेवा. भंगारात आधी तीच जाते.

शेवटी तुम्ही विचारलंय की मुलं शिल्पावर चढतात, कुंपण घालावं का. माझं मत, शक्यतो नको. अमेरिकेच्या इंडियाना राज्यातल्या कोलंबस या छोट्या शहरात हेन्री मूर यांची मोठी ब्राँझची कमान १९७१ पासून वाचनालयासमोर उभी आहे आणि लोक तिच्या खालून ये-जा करतात. ती तशीच वापरायची आहे. तुमच्याकडे आधी वेल्डिंगचे जोड, धारदार कडा आणि पायथ्याचे बोल्ट एखाद्या फॅब्रिकेटरकडून तपासून घ्या, तुटकी कड गोल करून घ्या, आणि दरवर्षी त्याच तारखेच्या आसपास ते पुन्हा बघा. तरीही नगरपालिकेने कुंपणाचा हट्ट धरलाच, तर खांब शिल्पाच्या पायापासून निदान दोन मीटर लांब ठेवायला सांगा. जवळ खोदलं की पायाभोवतीची घट्ट माती सुटते, पाणी तिथे मुरतं, आणि ज्या गंजाला आपण वरून रंग देऊन थांबवलं तो खालून सुरू होतो.